पहिला घोट

करावे गाव, तलावामागची गल्ली,
मे महिना, वीज गेलेली.
निमिया पाट्यावर गवती चहा ठेचते,
बर्फाच्या पाण्यात सोडते.
पाराग्वेत, तिच्या गावीही असंच उकडतं म्हणे.

पेला बैलाच्या शिंगाचा.
आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा
देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला होता.

पेल्यात हिरवा सुका पाला, एक चांदीची नळी.
पहिलं पाणी आपलं नाही,
ते थोमा संताचं.
पाला ते पिऊन टाकेपर्यंत ती थांबते.
मग तोच पेला, तीच नळी
मला, परत तिला, मग चांगुणामावशीला.
"उष्टं गं!" आई दारातूनच.
निमियाला मराठी बरंच येतं आता,
हा शब्द तेवढा कळत नाही.

पहिल्या दिवशी रिकामा पेला देताना
मी थँक्यू म्हटलं,
पुढच्या फेरीत माझी पाळी आलीच नाही.
वाटलं, रुसली.
तिकडे आभार मानले की समजतात,
हिला आता नको.
हवं असेल तिने मुकाट्याने पेला परत द्यायचा.

रात्री जयदासचा फोन,
जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगरलेलं,
आवाज तुटत तुटत:
"तायडे, तिला सांभाळतेस, थँक्यू हां."
मी गप्प.

"बर्फ उरलाय का?"
आई केव्हाची मागे उभी होती.
नळी तिने पदराला पुसली, पुन्हा पुसली,
डोळे मिटून ओढली.
नळी पुसायची नसते,
हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.