फेडर

तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
हर्षल वाघचौरे मिक्सर घेऊन आला.
"काका, इकडून तिकडे जाताना खरखरतंय.
आज मांजरीला लग्न आहे."

उघडला. पट्टीवरचा कार्बन
मधोमध पार झिजलेला, कडा कोऱ्या.
म्हणजे पोरगं टोकाला फारसं जातच नव्हतं;
दोन गाण्यांमधल्या चिंचोळ्या बोळात
वर्षभर येरझारा.

शेजारचे टिळेकर तीस वर्षं सतार वाजवतात.
म्हणाले, "दुसऱ्याची गाणी लावायची, आणि म्हणे कलाकार!
उद्या फ्रिजलाही आचारी म्हणा."
मी गप्प. दातांत सोल्डरची तार होती.

भाग उशिरा मिळाला, म्हणून लॉनवर मीच गेलो.
साडेनऊ. सगळे जेवणाच्या रांगेत,
नाचायच्या जागी दोन खुर्च्या आणि एक कुत्रं.
हर्षलनं एक कान हेडफोनमध्ये ठेवला,
एक ताटांच्या आवाजात,
आणि चालू गाण्याच्या खालून, अगदी खालून
एक ढोलकी आणली.
आली कधी, कळलं नाही.
झारा हातात तसाच धरून
जिलबीवाला बाहेर येऊन उभा राहिला.

दहाला आवाज बंद, नियमच आहे.
त्यानं तोडला नाही. उतरवला,
झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवतात तसा.
पार्किंगमधली गाड्यांची दारं
त्याच ठेक्यात लागत होती, असं मला वाटलं.
वाटलंही असेल.

दीडशे रुपये कमी घेतले.
जुनी पट्टी अजून टेबलावरच आहे.
काल टिळेकर आले, तेव्हा दिव्याखाली सरकवली,
त्यांच्या बोटावर तारेनं पाडलेल्या
खाचेशेजारी.