शून्य ते साठ

गुळगुळीत कागदाची पुडी बसत नाही.
शेंगदाणे घसरतात, कड बोट कापते,
म्हणून वाण्याकडे त्याला भाव नव्हता,
आणि म्हणून माझगावच्या आमच्या रद्दीच्या दुकानात
अमेरिकन गाड्यांची मासिकं
दारामागे, पाय पुसायच्या गोणपाटाशेजारी.
गोदीतल्या बोटींवरून यायची ती, किलोवर,
खलाशांनी हवी ती पानं आधीच फाडून घेतलेली.
बायका त्यांनी नेल्या. गाड्या आम्हाला उरल्या.

परकार मिस्त्री शनिवारी यायचे
हात रॉकेलने धुऊन, तरी नखांत काळं.
"वाच गो, हेमांगी."
मी आठवीत. इंग्रजी शाळेपुरतं.
शब्दकोश तराजूच्या रिकाम्या पारड्यात ठेवून
मी गाडीचं नाव वाचायचे; ते इथे लिहीत नाही,
मी, मिस्त्री आणि बाबा तिघं त्याचा
तीन तऱ्हांनी उच्चार करायचो.

नवी गाडी. येत्या शरदात बाजारात.
कुठल्या वर्षीच्या शरदात, ते मुखपृष्ठाबरोबर गेलेलं.
शून्य ते साठ : सहा पूर्णांक आठ सेकंद.
मिस्त्री मनगट वर धरायचे,
काटा बघत दम रोखायचे,
आणि सातव्याला सोडायचे: "या अल्ला.
एवढ्यात माझी टॅक्सी फक्त खोकते."

अंडरस्टिअर कोशात सापडला नाही.
वाक्यावरून लावला:
वळायला सांगितलं तरी सरळच जाते.
"कळलं," म्हणाले, "आमचा थोरला."

मग तक्रारी.
दाराच्या रबरातून शीळ वाजते.
डिकीत गोल्फच्या दोन पिशव्या, त्याही भांडतील.
(गोल्फ मी समजावून सांगितला. चुकीचा.)
रक्षापात्राला हात पुरत नाही.
"ॲश-ट्रे," मी म्हटलं.
"एवढ्या गाडीत ह्यांना ॲश-ट्रे दिसते?"
पण आवडायचं त्यांना ते.
विकणारा बोलत नाहीये,
बॉनेट उघडून बघणारा बोलतोय, हे ओळखायचे.

आम्हाला वाटतं, असं लिहायचे ते लोक.
आम्ही चालवली. आम्ही थांबवून पाहिली.
आम्ही म्हणजे किती जण, मिस्त्री विचारायचे.
नाव कुठे नसायचं.
फोटोत ओसाड सरळ रस्ता, गाडी, गाडीची सावली,
आणि कोपऱ्यात, बहुधा चुकून,
कुणाचा तरी एक बूट.

एका अंकात मधली दोन पानं भरून चित्र होतं.
गाडीची कातडी सोललेली,
आत नळ्या, दांडे, स्प्रिंगा, एकेक बोल्ट.
चार आणे जादा देऊन ते त्यांनी नेलं,
गॅरेजात बॅटऱ्यांच्या वर डकवलं,
आणि तीन आठवड्यांनी आले ते कानावर पेन्सिल घेऊनच.
"चित्रवाला चुकला.
ही नळी इथून जाणार नाही. सायलेन्सरला चिकटेल, जळेल."

आम्ही पत्र लिहिलं. निळं हवाईपत्र, तीन मसुदे.
डियर सर की सर्स, यावर एक शनिवार गेला;
शेवटी सर्स, कारण ते आम्ही होते.
खाली सही: आय. परकार, मेकॅनिक, बॉम्बे.
साल एकोणऐंशी.

तेव्हापासून अंक आला की
गाडी नंतर, आधी वाचकांची पत्रं.
बोटींना क्रम नव्हता.
ब्याऐंशीत बहात्तरचा अंक यायचा,
त्यानंतर सदुसष्टचा, पाण्याने फुगलेला.
मिस्त्री, हा तर आपल्या पत्राच्या आधीचा.
"असू दे. बघ."

मी नावांवरून बोट फिरवायचे.
ओहायो. टेक्सस. मिनेसोटा.
कुणा दंतवैद्याला ब्रेक पटले नव्हते,
कुणा शिपायाला रंग.
आणि ते मनगट वर धरून थांबायचे,
दम रोखून.