कुडचडे, शनिवार, पाच झुंजी

तिकीट शंभर. पुढच्या रांगेला दीडशे.
मी दीडशे दिले, कारण मागे बसलं
की आपटल्याचा आवाज येतो फक्त,
श्वास ऐकू येत नाही.

जागा: बाजारामागचं ट्रकांचं गॅरेज.
खाणी थांबल्या तेव्हापासून रिकामं.
भिंतीला बोट लावलं तर अजून लाल होतं.
रिंगण म्हणजे जत्रेच्या नाटकाच्या फळ्या,
वर काथ्याच्या गाद्या, वर निळी ताडपत्री,
दोर बेतुलच्या खारव्यांकडून मागून आणलेला.
त्याला सुक्या बांगड्याचा वास.

पहिली झुंज लिहिण्यासारखी नाही.
कॉलेजची दोन पोरं, आता कुठली उडी
ते एकमेकांना डोळ्यांनी विचारणारी.
एक तारा. तोही त्यांच्या आयांना,
ज्या शेजारी बसून
एकाच पुडीतले चणे खात होत्या.

दुसरी बायकांची. 'विजेची तार' पेडण्याहून आलेली,
आल्या आल्या तिने गॅरेजभर शिव्या वाटल्या,
गॅरेजने व्याजासकट परत केल्या.
मग 'कोयती फ्लोरी'ने तिला खांद्यावर घेऊन गरगर फिरवलं
तेव्हा माझ्यामागचा म्हातारा म्हणाला,
ही आमच्या केप्याच्या फार्मसीत असते,
गोळ्या मोजताना हात बघा हिचा.
तीन तारे.

तिसरीत वीज गेली. कुणी थांबलं नाही.
चार मिनिटं नुसतं
फळी, पाठ, फळी,
कुणाचा तरी हुंकार.
उजेड आला तर दोघे भलत्याच कोपऱ्यांत
आणि पंच दोराबाहेर, शिट्टी शोधत.

चौथी पाहिली नाही, चहाला गेलो होतो.
भजी संपली होती.

शेवटची: सावळो वेळीप, वय बावीस, 'पांढरा वाघ',
विरुद्ध 'लाल देंवचार'.
म्हणजे आमचा इनास कुलासो, अकरा वर्षं टिपर चालवलेला.
अंगभर काव, कमरेला ट्रकची साखळी.
दोन पोरं रडत बाहेर नेली.
एका बाईने चप्पल फेकून मारली.
त्याने ती उचलली, हुंगली,
आणि दोरापाशी नीट ठेवली,
तिच्याकडे टाच करून, घालायला सोपी.

बाराव्या मिनिटाला वाघ वरच्या दोरावरून उडाला.
दोर ढिला. पाय निसटला.
डोकं फळीच्या कडेवर.
तो आवाज वेगळा होता. दीडशेवाल्यांना कळला,
शंभरवाले टाळ्या वाजवत राहिले.

देंवचाराने झेप घेतली, गळा आवळला,
दात विचकले सगळ्या गॅरेजला दिसतील असे,
आणि केसांच्या आडून, ओठ न हलवता:
"बरो आसा मरे? हात दाब."
सावळोच्या बोटांनी त्याचं मनगट
एकदा दाबलं. थोड्या वेळाने, पुन्हा.
तरी सोडला नाही त्याने.
अख्खं मिनिट तसाच बसला,
एक पंजा मानेखाली उशीसारखा,
दुसरा गळ्यावर, दिसायला.
लोक उठून उभे: सोड, सोड रे मेल्या!

मग तो हरला. हरायचंच होतं,
पण इतक्या लवकर नव्हे, आणि असं तर नव्हेच:
सावळोने बसल्या बसल्या नुसता हात लावला
आणि एकशे दहा किलो
केळीसारखे आडवे.
गॅरेज खो खो हसलं.
शेवट फसला, शेजारचा म्हणाला. पैसे वाया.
मी वहीत पाच तारे काढले.
मग एक खोडला. दोर कुणीतरी
आधी ओढून बघायला हवा होता.

शेवटच्या कदंबात इनास मागच्या सीटवर,
कानामागे काव राहिलेली,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी गळत.
पुढच्या सीटवरून एक मुलगी उलटी वळून
त्याच्याकडे डोळे न मिटता बघत होती.
झोपला असता तरी चाललं असतं.
त्याने भुवया चढवल्या, दात काढले,
आणि तिळामळला उतरेपर्यंत
तसेच ठेवले.