दोन टिकल्यांच्या मध्ये

द्राक्षांच्या पेटीतली कागदी कात्रणं बाजूला सारत
खैरनारांनी पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं.
"वाजव," म्हणाले. "एकदाच. मग भंगारात टाक."

मी ओळखलं. न ओळखून सांगतो कुणाला.
जस्ताचं ओतीव, मुठीला काळ्या प्लास्टिकच्या दोन फळ्या,
डावी तडकलेली. ती माझ्याच हातून.

चौऱ्याऐंशी साल. कामगार कल्याणची स्पर्धा.
तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर खैरनार चाप ओढतात:
खट्.
पुन्हा ओढतात: खट्.
समोर पेंट शॉपचा गोवर्धन निरभवणे
मरायला तयार, छातीवर हात, गुडघे वाकलेले,
आणि कुणी मारीना.
तेव्हा खैरनारांनी तोंडानंच काढला आवाज:
ठो.

निरभवणे मेला. प्रेक्षक हसून मेले.
त्यानंतर सातपूरच्या कॅन्टीनमध्ये त्यांना
कुणी खैरनार म्हटल्याचं आठवत नाही.

टिकल्या भरायचं काम माझं होतं.
सादळल्या होत्या, म्हणालो मी.
चाळीस वर्षं म्हणतोय.

एकच स्क्रू, तोही गंजून बसलेला.
रॉकेल आता मिळत नाही, डिझेलचा थेंब सोडला,
रात्र जाऊ दिली. सकाळी पेचकस, श्वास धरून;
जस्त म्हातारं झालं की बिस्किटासारखं तुटतं,
वेल्डिंग घेत नाही.
आत हिरवट पीठ. टिकल्यांची राख हवा पिते
आणि धातू खाते.
आधी कोमट पाणी, मग तेल. हा क्रम चुकवू नये.

बोटभर जागेत केवढी जनावरं!
घोडा आहे. रोल पुढे ढकलणारी ती वाकडी नखी,
टूलरूममध्ये आम्ही तिला कुत्रं म्हणायचो, तेही आहे,
दात झिजलेलं.
ऐरण देवी आलेल्या चेहऱ्यासारखी. तिच्यावर बसवली
भांडी बाजारातल्या मोडीच्या पितळेची चकती.

स्प्रिंगनं मात्र दोन दिवस खाल्ले.
पहिली बॉलपेनची: घोडा नुसता टेकला,
झोपलेल्याच्या खांद्याला हात लावावा तसा.
दुसरी कार्बोरेटरची: चौकटच करकरली,
घाबरून काढली.
तिसरी भद्रकालीतल्या कुलूपवाल्याकडची, दोन वेटोळी कापून.
ही बसली.

आणि कप्प्याच्या तळाशी, चिकटून,
रोल होता. तोच.
गुलाबी कागद, पार उडालेला. चिमट्यानं उलगडला.
घोड्याच्या खुणा मोजल्या: दोन.
दोन्ही टिकल्यांच्या मध्ये,
कोऱ्या कागदावर.

एक टिकली कापून ऐरणीवर ठेवली, घोडा सोडला.
वाजली.
सादळलीच नव्हती.

म्हणजे मी रोल अर्धं घर मागे लावला होता.
किंवा कुत्र्याचा दात तेव्हाच झिजला होता.
आता कशावरून ठरवणार?
दात मी कालच घासून नवा केला.

शनिवारी ते आले. नवा रोल मी तीनदा तपासला.
देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता,
खिडकीची काच हलली.
"ती खरी," म्हणाले. हसले नाहीत.
हात लांब केला, पंचाहत्तरीतही इन्स्पेक्टरचा,
भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम.
मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

वाजलं.
धुराची बारीक शेपटी, दिवाळीच्या सकाळचा वास,
शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून पाहिलं.
पण त्याच्या आधी, केसभर आधी,
त्यांच्या ओठांतून, सवयीनं, हळूच:
ठो.

बराच वेळ पिस्तुलाकडे पाहत राहिले.
मग पाकीट काढलं. "किती द्यायचे?"
स्प्रिंगचे वीस, म्हणालो.
बाकीचं माझ्याकडे.