पासानाउरीला रस्ता बंद

ज्या देवळासाठी गेलो ते आम्ही पाहिलंच नाही.
माणिकने पाठ केलेली डोंगराची उंची,
फ्लोराने हप्त्यावर घेतलेले बूट,
सगळं पासानाउरीपाशी थांबलं.
वर घाटात बर्फाची दरड आली होती
आणि ज़ाज़ाने गाडी बंद करून
खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या,
जणू एवढ्याचसाठी तो तिबिलिसीहून निघाला होता.

किती वेळ लागेल, विचारलं.
त्याने खांदे उडवले.

मग त्याच्या मावशीचं घर.
सख्खी, चुलत, की नुसती गावातली, कोण जाणे.
नाव त्सिआला.
तिचे गुडघे दुखतात हे आईला
आणि आईचे तिला
उंबऱ्यावरच कळलं.
दोघी एकमेकींचा हात धरून तीन पायऱ्या चढल्या,
आम्ही तरण्याताठ्या मंडळींनी मागून बॅगा ओढल्या.

स्वयंपाकघरात शेगडी, ओले मोजे, बटाट्याचा वास.
त्सिआला खिंकालीच्या पाऱ्या घालत होती,
आई बघत होती. तिला बघवेना.
तिने बाह्या सरसावल्या, एक पारी हातात घेतली
आणि नाक काढून मोदक ठेवला परातीत.
त्सिआलाने कळ्या मोजल्या. एकवीस.
स्वतःच्या मोजल्या. एकोणीस.
यावर ती जे बोलली
ते ज़ाज़ाने भाषांतर करायला नकार दिला.

माझ्या लेकीने तासाभरात भाषा शिकून घेतली :
"आई, इथे बापाला मामा म्हणतात!"
आणि बाबांना दिवसभर मामा, मामा.
बाबा ओ देत राहिले.

रात्री दिवे गेले.
ओतारी नावाचा शेजारी आला, काखेत बरणी,
म्हणाला, टेबलाला मालक हवा, आज मी.
पहिला प्याला शांततेला, दुसरा पाहुण्यांना,
तिसरा, मला वाटतं, रस्ता अडवणाऱ्या बर्फाला.
बाबा आयुष्यभराचे निर्व्यसनी,
त्यांच्या हातात नाशपातीचं सरबत. ओतारीने
ते नाकाशी धरून पाहिलं, हुंगलं, आणि माफ केलं.

मग तो उभा राहिला. सगळे उभे राहिले.
ज़ाज़ाने शब्द शोधले : जे टेबलावर नाहीत, त्यांना.
पावाच्या तुकड्यावर थोडी थोडी वाइन सांडत
एकेकाने आपापलं नाव घ्यायचं.
त्सिआलाने नवऱ्याचं घेतलं. फ्लोराने तिच्या पापाचं.
बाबा म्हणाले, "दिगंबर."
आणि पावावर सरबत ओतलं, अगदी बेताने,
औषध मोजावं तसं.

आईचा हात परातीत तसाच राहिला.
मी त्रेचाळीस वर्षं त्यांच्या घरची,
हे नाव कधी ऐकलं नव्हतं.
ओतारीने काही विचारलं नाही,
बाबांच्या खांद्यावर पंजा ठेवला
आणि गायला लागला, बराच बेसूर.

एका खाटेवर आई नि मी. बाहेर दोन नद्या,
एक काळी, एक पांढरी, अंधारात दोन्हींचा एकच आवाज.
पुष्कळ वेळाने आई म्हणाली,
"धाकटा भाऊ. विहिरीत. नऊ वर्षांचा होता.
आता झोप."

सकाळी यंत्रं आली, रस्ता मोकळा झाला,
पण वर जायला वेळ उरला नव्हता. विमान होतं.
माणिक परतभर कुरकुरला.
बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर पाठवणीची चिखलट मुळ्यांची जुडी,
ती विमानतळावर काढून घेतील
हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

परवा कपाट आवरताना त्यांचा स्वेटर निघाला,
खिशात सूर्यफुलाची टरफलं. आत टाकून दिला तसाच.

ज़ाज़ा अजून दर हिवाळ्यात एक फोटो पाठवतो.
नुसतं पांढरं. कुठे रस्ता, कुठे नदी, कळत नाही.
खाली त्याच्या मोडक्या इंग्रजीत दोनच गोष्टी :
रस्ता बंद आहे.
या.