ळची जागा

नाव ठेवताना आम्ही ळ टाळला.
म्हणजे टाळण्यात तो आलाच, पण नावात नाही.
रेवा. दोन अक्षरं, शेफील्डच्या कुठल्याही नर्सला
पहिल्या फटक्यात जमणारी.

सात महिन्यांची होती तेव्हा विद्यापीठाचं पत्र आलं :
घरात दोन भाषा असलेली बाळं हवीत, अर्ध्या तासासाठी.
बसभाडं मिळेल, आणि बाळाला एक टी-शर्ट.
श्रीरंग म्हणाला, उंदीर कमी पडले का त्यांना?
मी गेले. टी-शर्टसाठी म्हण हवं तर.

लहानशी खोली, भिंतींना राखाडी फोम,
कोपऱ्यात काळ्या काचेची पेटी.
इमोजेन नावाची मुलगी समजावत होती,
स्पीकरमधून येत राहील ल, ल, ल, ल,
आणि मध्येच तो दुसरा.
त्याचं नाव तिच्या जिभेवर येईना.
बदल ऐकून बाळानं मान वळवली
की पेटीत दिवा लागेल, अस्वल ढोल वाजवेल.
माझ्या कानांवर हेडफोन, त्यात पियानो.
आईनं ऐकायचं नाही.
आईला कळलं की मांडीला कळतं,
मांडीला कळलं की बाळाला.

मग मी नुसती मान बघत बसले.
जावळाखालचा तो खळगा,
दुधाचा वाळलेला ओघळ.
आणि मान वळली. ढोल बडवला गेला.
थोड्या वेळानं पुन्हा.
काचेपलीकडून इमोजेननं अंगठा दाखवला.

या वयात सगळंच ऐकू येतं त्यांना, ती नंतर म्हणाली,
जगातल्या साऱ्या भाषांचे सारे बारकावे.
मग वर्षाच्या आतबाहेर कान आवराआवर करतात.
मला भाड्याची घरं सोडताना घातलेले ढीग आठवले :
न्यायचं, टाकायचं,
आणि ते तिसरं, बघू.

त्या दिवसापासून मी वेड्यासारखी बोलत सुटले.
ट्रामच्या थांब्यावर, सुपरमार्केटच्या रांगेत,
केळं, डोळा, गूळ, खुळखुळा,
ते बघ आभाळ, आभाळ कसलं, ओलं पोतेरं,
चार वाजले नाहीत तोच काळोख.
मागची म्हातारी म्हणाली, गोड आहे हो गाणं.
श्रीरंग म्हणाला, भाषा शिकवतेस की लस टोचतेस?

दिवसा रेवा डोरीनकडे.
डोरीन वस्तू देताना म्हणते ता, घेतानाही ता.
पहिला शब्द तोच झाला.
चमचा, ता. मोजा, ता. माझी बांगडी काढून मलाच, ता.
मी रुसले दोन दिवस,
मग मीही ता म्हणू लागले. हात पुढे आल्यावर
काय करणार?

अकराव्या महिन्यात पुन्हा ती खोली.
पियानो. मान.
ल किती वेळ चालला, मध्ये काय येऊन गेलं,
मला माहीत नाही. अस्वल अंधारात बसून होतं.
एकदाच ती वळली, पण पेटीकडे नाही,
माझ्याकडे. हेडफोन ओढून काढला
आणि माझ्याच हातात ठेवला : ता.
तेवढा भाग त्यांनी गाळला असणार.
निकाल सगळ्या गटाचा कळवू, इमोजेन म्हणाली,
एकेका बाळाचा सांगता येत नाही.
टी-शर्ट मोठा निघाला.

घरी येऊन मी केळं सोललं, मुकाट,
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एक शब्द न काढता.
खुर्चीतून तिनं हात पुढे केला.
केयं, म्हणाली.

आमच्या तालुक्याच्या स्टँडवर एसटी नीट थांबायच्या आत
लोक खिडकीतून रुमाल टाकायचे.
माणूस मागाहून चढायचा, पिशव्या सावरत,
कधी गाडी सुटता सुटता.
तोवर त्या जागेवर कुणी बसत नसे.

केयं, तिनं पुन्हा म्हटलं, जरा रागावून.
मी केळं दिलं.
ता, म्हटलं.