इलेअम, इलिअम

तिबिलिसीच्या या तळघरात एकतीस हिवाळे
मी हेच सांगत आलेय:
'ए' म्हटलं की आतडं, 'इ' म्हटलं की हाड.
एक ओलं, वेटोळं, लहान आतड्याचा शेवटचा मुक्काम;
दुसरं कडेचं,
ज्याच्यावर आया मूल टेकवतात
आणि मोकळ्या हाताने पातेलं ढवळतात.
एका स्वराचा फरक.
पण त्या स्वरावर उद्या कुणाचं तरी पोट
उगाच उघडलं जाईल.

मी खाष्ट आहे म्हणतात. असेनही.
मूत्रवाहिन्या दोन, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत.
मूत्रमार्ग एकच, तिथून बाहेर.
चुकणाऱ्याला मी दार दाखवायचे,
"हा तुझा मूत्रमार्ग" म्हणून.
(आता नाही. एक मुलगी रडली होती.)

हातोडा कानात असतो, हातोडी घोट्याशी.
कंडरा स्नायूला हाडाशी बांधते,
अस्थिबंध हाडाला हाडाशी:
पहिली नोकरी, दुसरं लग्न.
पोरं हसतात, पण विसरत नाहीत.
धमनी रक्ताच्या रंगावरून ओळखू नका.
फुप्फुसाकडे जाणारी काळवंडलेलं रक्त नेते,
तरी धमनीच.
निघाली कुठून, ते विचारा.
आमच्याकडे माणसालाही हेच विचारतात,
आडनाव ऐकून झाल्यावर.

आणि उजवं म्हणजे त्याचं उजवं,
मेजावर जो पडलाय त्याचं.
तुमचं इथे कुणी विचारत नाही.

मालखाझ तिसऱ्यांदा नापास झाला.
पाठ करून करून पाठ वाकली पोराची,
पण तोंड उघडलं की
आतड्याचं हाड, हाडाचं आतडं.
मी लाल रेघ मारली
ती खालच्या चार पानांवर उठली.

शनिवारी स्टेशनमागच्या बाजारात
डाळिंबं घ्यायला गेले.
मांसाच्या ओळीत, रबरी एप्रन बांधून, तो.
पुढ्यात मेंढराचं सगळं आतलं सामान,
अजून वाफ निघत होती.
गिऱ्हाइकं नावं घेत नव्हती,
नुसतं म्हणायची, "कुचमाचीपुरतं दे,"
आणि त्याची बोटं निघायची:
कलेजी, हृदय, फुप्फुसाचा तुकडा.
पित्ताची पिशवी त्याने अशी सोडवली
जशी झोपलेल्या बाळाच्या मुठीतून किल्ली.
मग आतड्याची लांब दोरी अंगठ्याखालून सरकवत नेली
आणि एका जागी थांबला.
जिथे नेमकी रेघ काढता येत नाही
असं मी दरवर्षी पुस्तकातून वाचून दाखवते, तिथे.
"इथून पातळ होतं," मावशीला म्हणाला,
आणि सुरी ठेवली.

मावशीने मला पाहिलं. ओळख करून दिली:
"माझ्या सख्ख्या बहिणीचा हा."
आमच्या भाषेत सख्ख्याला आणि यकृताला
शब्द एकच आहे.
साऱ्या देशात आजवर
त्यात कुणी गोंधळलेलं मी ऐकलं नाही.

तेवढ्यात त्याची नजर वर आली.
हात थिजले, ओठ हलले:
"कालबातोनो लामारा, ते... इलिअम..."
"गप्प बस," मी म्हटलं.
फार मोठ्याने म्हटलं असावं,
चीजवालीने मान वळवली.

तो समोर उभा, मी समोर.
त्याने हात पुसून पुढे केला, उजवा,
माझ्या डावीकडून आला तो,
आणि मी,
मी क्षणभर कुठला पुढे करायचा ते विसरले.

"सोमवारी ये," म्हटलं. "दहाला. तोंडी नाही घेणार."
"मग काय घेणार?"
"हात आण."

अर्धा किलो कलेजी बांधून दिली त्याने,
पैसे घेईना. मी गल्ल्यात टाकले.
डाळिंबं राहिलीच,
ते मेट्रोच्या जिन्यावर आठवलं.